गोल्फच्या ड्रायव्हरचा फेस फुगीर आणि आयर्नचा सपाट, असं का?

तुम्ही विचारलंय की ड्रायव्हरच्या (लांब फटक्याची मोठ्या हेडची काठी) फेसला, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाला, गोलाई कशासाठी देतात आणि आयर्नला (पातळ हेडची काठी) ती का नसते. हेडचं, म्हणजे काठीच्या खालच्या, चेंडू मारणाऱ्या भागाचं वजन कुठे बसलंय, त्यावर हे सगळं ठरतं.

आधी एक करून बघा. स्टीलची पट्टी ड्रायव्हरच्या फेसवर आडवी, मधोमध टेकवून धरा. दोन्ही बाजूंना फट दिसेल. मध्यापासून ४० मिमीवर ती अडीच-तीन मिमी भरते. सात नंबरच्या आयर्नवर तीच पट्टी सपाट बसते.

या आडव्या गोलाईला बल्ज म्हणतात, उभ्या गोलाईला रोल. ड्रायव्हरमध्ये बल्जची त्रिज्या बहुधा १० ते १२ इंच असते. त्रिज्या लहान, तर गोलाई जास्त.

आता उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मध्य सोडून टोच्या बाजूला, म्हणजे दांड्यापासून दूरच्या टोकाकडे, लागला असं धरा. धक्क्याने हेड स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरतं, फेस उघडतो. ड्रायव्हरमध्ये हा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो, त्यामुळे फिरताना फेस चेंडूला घासत बाजूलाही सरकतो. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं उलट दिशांना फिरतात, तसा चेंडू हेडच्या उलट फिरू लागतो आणि डावीकडे वळतो. हाच गिअर इफेक्ट. फेस सपाट असता तर चेंडू डावीकडे भरकटत गेला असता. बल्जमुळे तो आधी उजवीकडे निघतो आणि वळून मध्याकडे येतो. १२ इंची बल्जवर २० मिमी बाहेर लागलेल्या फटक्याला सुमारे पावणेचार अंशांचा फरक मिळतो. हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, लागला की सगळं उलट.

आयर्नचं हेड पातळ, गुरुत्वमध्य फेसला जवळजवळ चिकटलेला. वळण फारसं येतच नाही, मग गोलाई दिली तर चेंडू उजवीकडे जाऊन तिकडेच राहील. हायब्रिड ही काठी या दोघांच्या मधली, म्हणून तिचा फेस ड्रायव्हरपेक्षा सपाट.

खरी कसरत आजच्या मोठ्या ड्रायव्हरमध्ये आहे. नियमानुसार हेड ४६० घनसेंमीपर्यंत चालतं. वजन मागे नेलं की गुरुत्वमध्य मागे जातो, गिअर इफेक्ट वाढतो, म्हणजे बल्ज जास्त हवा. पण त्याच बदलाने एमओआय, म्हणजे पिळलं जायला हेडचा विरोधही वाढतो. हेड कमी फिरतं, तेव्हा बल्ज कमी पुरतो. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात, म्हणून त्रिज्या प्रत्येक हेडसाठी वेगळी बसवावी लागते. एका मॉडेलचा आकडा दुसऱ्याला लावून चांगलं-वाईट ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

रोलचंही तत्त्व तेच. फेसवर उंच लागलेला चेंडू जास्त लॉफ्टने (फेसचा वरच्या दिशेचा कल) उडतो पण बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेची फिरकी, कमी घेतो. खाली लागलेला कमी उंचीने निघतो आणि स्पिन जास्त घेतो. खालच्या भागात लॉफ्ट फार घटू नये म्हणून काही डिझायनर तिथला रोल मुद्दाम कमी ठेवतात, आणि मला ते पटतं.

पुढच्या सरावाला फेसवर पावडर स्प्रे मारा. टोच्या बाजूचा ठसा उमटला की चेंडू आधी कुठे निघाला आणि मग कुठे वळला, ते ठशाशी ताडून बघा.