जर्मनीत राहताना स्थानिक बिअरची ओळख कुठून सुरू करावी?

नोकरी वा शिक्षणासाठी जर्मनीत आलेल्याने स्थानिक बिअर चाखायला कुठून सुरुवात करावी, असा आपला प्रश्न आहे. देशभर मिळणाऱ्या बाटल्यांपासून नव्हे, तर आपण राहतो त्या गावच्या ब्रुअरीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण येथे बिअर गावागणिक बदलते.

कोल्नमध्ये क्योल्श ही फिकट सोनेरी बिअर २०० मिलिलिटरच्या उंच, सडपातळ पेल्यात देतात. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो, आणि पुरे झाले हे सांगण्यासाठी पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवावी लागते. शेजारच्या ड्युसेलडॉर्फमध्ये तांबूस, अधिक कडवट आल्टबिअरचा अभिमान आहे. तेथे क्योल्श मागू नये.

मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते बाम्बेर्ग हे शहर. तेथील राउखबिअर या धुरकट चवीच्या बिअरसाठी मोड आलेले सातू (म्हणजेच माल्ट) बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या आगीवर वाळवतात, त्यामुळे तो धूर धान्यातच मुरतो आणि पहिल्या घोटाला चुलीत भाजलेल्या वांग्याची आठवण होते. अनेकजण तेथेच पेला बाजूला सारतात, पण अर्धा पेला होईपर्यंत मत बनवू नये, कारण जीभ धुराला सरावल्यावरच त्यामागचा माल्टचा गोडवा जाणवू लागतो.

घरी आणलेल्या बाटल्या टाकू नयेत. काचेच्या साध्या बाटलीवर सहसा ८ सेंट अनामत असते आणि ती दुकानात परत मिळते.