मैदानावरची मुलं: फुटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

आमच्या तालमीतर्फे पेठेतल्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवायचं ठरलं आहे. शिकवणारे तालमीचेच जुने खेळाडू आहेत. त्यांच्याकडे पोलिसांचा दाखला मागायला संकोच वाटतो. खरंच गरज आहे का?
— एक कार्यकर्ता, कोल्हापूर

गरज आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालच्या 2020 च्या नियमांत शाळा आणि पाळणाघरांच्या जोडीने क्रीडा अकादम्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. बिनपगारी शिकवणाऱ्यांनाही यातून वगळू नका. मुलांच्या लेखी तेही सरच. संकोच घालवायचा तर सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी भरा आणि पहिला अर्ज तालमीच्या अध्यक्षांचा असू द्या.

पण दाखल्यावर निर्धास्त होऊ नका. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला स्वच्छच येतो. मुलांचं खरं रक्षण होतं ते रोजच्या शिस्तीने. सरावाला कायम दोन मोठी माणसं हवीत. दुसरं कुणी आलं नाही तर एखाद्या पालकाला थांबवून घ्या, तेही जमलं नाही तर त्या दिवशी सराव नाही. शेवटचं मूल घरच्यांच्या हाती जाईपर्यंत दोघांनीही मैदान सोडायचं नाही. नेमक्या याच वेळेकडे दुर्लक्ष होतं: एक मूल मागे उरतं, अंधार पडायला लागतो आणि सर "चल, सोडतो" म्हणून त्याला गाडीवर घेतात. बहुतेकदा त्यात माया असते. पण ही पद्धत एकदा रुळली की उद्या वाईट हेतूने आलेल्या माणसाला ती आयती मिळते, आणि कुणालाही ते खटकत नाही.

सूचना पालकांच्या ग्रुपवर द्या. मुलाला परस्पर मेसेज नको. दुखरा पाय तपासायचा, चोळायचा तर उघड्यावर आणि दुसऱ्या माणसासमोर. बाहेरगावी स्पर्धेला जाताना मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर पालकांना आधी कळवा. प्रशिक्षकाने मुलांच्या खोलीत झोपायचं नाही. संघात मुली असतील तर सोबत बाईमाणूस हवंच.

आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं तर? शांतपणे ऐकून घ्या. त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. उलटतपासणी करू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असा शब्दही देऊ नका, कारण तो पाळता येणार नाही. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. ती न देणं हा कलम 21 प्रमाणे गुन्हा आहे आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. मदतीसाठी 1098 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पेठेचं नाव जाईल म्हणून बैठक बोलावून प्रकरण मिटवणं हा त्या मुलावर झालेला दुसरा अन्याय ठरतो.

नऊ वर्षांच्या मुलीसाठी पाच नंबरचा चेंडू घेतला तर पुढे बरीच वर्षं चालेल ना?
— एक पालक, सांगली

चेंडू चालेल, पण तिला आज तो जड जाईल. पाच नंबरचं वजन 410 ते 450 ग्रॅम असतं, चार नंबरचं साधारण 350 ते 390. आठ ते बारा वयाला चार नंबरच घ्या, त्याहून लहानांना तीन. त्याबरोबर नडगीचे पॅड घ्या; ते नियमानेच सक्तीचे आहेत. कानातलं, बांगडी, अंगठी सराव सुरू होण्याआधी काढून ठेवायची, वर चिकटपट्टी लावून चालत नाही.

आमच्याकडे हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट आहेत. मुलं आडव्या दांडीला लोंबकळतात, ओरडलं तरी ऐकत नाहीत.
— क्रीडाशिक्षक, सातारा

पोस्ट उलटणारच नाही अशी तजवीज करा, मग ओरडण्यावर भिस्त ठेवावी लागणार नाही. अशा पोस्टचं बरंचसं वजन पुढे, दोन खांब आणि आडव्या दांडीत असतं. मागचा सांगाडा हलका. पोरगं लोंबकळलं की तोल पुढे जातो आणि दांडी त्याच्या डोक्यावर किंवा छातीवर येते. जगभरात मुलं यात दगावली आहेत. म्हणूनच खेळाच्या पहिल्याच नियमात, हलवता येणारे पोस्टसुद्धा जमिनीला पक्के हवेत असं म्हटलं आहे.

माती मऊ असेल तर मागच्या जमिनीलगतच्या नळीवरून इंग्रजी यू आकाराच्या लोखंडी खुंट्या खोल ठोका. मुरमाड मैदानात खुंटी धरत नाही. तिथे वाळूची भरलेली पोती त्याच नळीवर ठेवून दोरीने आवळा, नुसती ठेवलेली पोती घसरतात. मग मोठ्या माणसाने दांडी धरून पुढे-खाली जोरात ओढून पाहावी. मागची बाजू जरा जरी उचलली गेली तर वजन वाढवा. ही परीक्षा प्रत्येक सरावाआधी घ्यायची, कारण खुंट्या सैल होतात आणि पोती फाटतात. सराव संपला की दोन्ही पोस्ट समोरासमोर भिडवून साखळी-कुलूप लावा. जाळी अडकवायचे उघडे लोखंडी हूकही काढून टाका, त्यात बोट अडकून फाटतं.

बारा वर्षांच्या मुलाचं डोकं दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आपटलं. दोन मिनिटांनी "ठीक आहे" म्हणाला म्हणून सरांनी त्याला परत उतरवलं. हे बरोबर होतं का?
— एक आई, पुणे

नाही. मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. तो "ठीक आहे" म्हणाला याला महत्त्व देऊ नका, मुलांना खेळायचंच असतं. शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही. बहुतेकदा ती हरपत नाही. भांबावलेली नजर, तोल जाणं, डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, आत्ताचा स्कोअर न आठवणं, चिडचिड किंवा उगाच रडू येणं, यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. काही लक्षणं उशिरा, दुसऱ्या दिवशीही दिसतात. म्हणून पहिले 24 तास मुलाला एकटं ठेवू नका.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, गुंगी, मानेत कळ किंवा हातापायांना मुंग्या यांपैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. मान दुखत असेल तर मुलाला हलवू नका. पहिली इजा भरून यायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. असं क्वचित घडतं, पण त्याचा धोका कोवळ्या वयातच जास्त.

परतण्याची घाई नको. ब्रिटनमध्ये हौशी खेळासाठी 2023 साली काढलेल्या सूचनांप्रमाणे 21 दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही. आधी शाळेत नीट लक्ष लागायला हवं, मग चालणं, पळणं, एकट्याने चेंडूचा सराव आणि डॉक्टरांनी पाहिल्यानंतरच धक्काबुक्कीचा खेळ. लक्षणं वाढली की एक पायरी मागे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, देत नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही क्लबला हे उद्यापासून करता येईल, त्यासाठी कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.

सुरुवातीला चाळीस मुलं येतात, वर्षाअखेर पंधरा उरतात. मुली तर तेराव्या वर्षानंतर दिसेनाशाच होतात.
— प्रशिक्षक, अमरावती

गळतात ती बहुधा बाकावर बसवलेली मुलं. चाळीस जणांत एक चेंडू टाकून अकरा-अकराचा सामना लावला की अठरा जण बघे होतात आणि खेळणाऱ्यांतही चेंडू चार-पाच जणांपुरताच फिरतो. त्याऐवजी पाच-पाचचे आठ संघ करा. साधारण 30 बाय 20 मीटरची चार छोटी मैदानं चुन्याने आखा, आठ मिनिटांचे सामने लावा आणि प्रत्येक सामन्यानंतर प्रतिस्पर्धी बदला. कुणीच बसत नाही. खऱ्या सामन्यात प्रत्येकाला निदान अर्धा वेळ मिळायला हवा. बदलीचा कागद सामन्याआधीच लिहून ठेवा, कारण स्कोअर बरोबरीत आल्यावर भले भले प्रशिक्षक आपला शब्द विसरतात.

मुलींना थांबवणाऱ्या अडचणी मैदानापाशीच असतात. कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर मुलगी दोन तास थांबणार कशी? साहित्याच्या पिशवीत सॅनिटरी पॅड ठेवा आणि ते कुठे आहेत हे सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे मागायची वेळ येणार नाही. चड्डी गडद रंगाची निवडा. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीची धास्ती खरी असते आणि इंग्लंडच्या महिला संघानेही 2023 मध्ये याच कारणाने रंग बदलला. ट्रॅक पँट घालून खेळायचं असेल तर खेळू द्या. सराव दिवेलागणीच्या आधी संपवा. मैदानावर एक बाई नेमा. ती प्रशिक्षकच असली पाहिजे असं नाही, एखादी पालकही चालेल. आणि एखादी मुलगी सलग दोन सराव चुकली की त्याच आठवड्यात तिच्या आईला फोन करा. महिन्याभराने केलेल्या फोनपर्यंत तिच्या संध्याकाळी क्लासला किंवा घरकामाला जोडल्या गेलेल्या असतात.