बाटलीच्या तळाशी गाळ

प्रश्न : फ्रान्सहून आणलेल्या २००५च्या पोइयाक रेड वाइनच्या तळाशी काळसर गाळ दिसतो. वाइन बिघडली का?

उत्तर : मुळीच नाही. फ्रान्सच्या बोर्दो या वाइन-प्रदेशातल्या पोइयाक गावच्या शातो लातूरसारख्या मळ्यांच्या वाइनमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्ष जास्त. त्यातलं टॅनिन (सालीतला तुरट घटक) आणि रंगद्रव्य वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून खाली बसतं. गाळ अपायकारक नाही, पण कडवट लागतो.

बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. बूच सावकाश काढा, जुनं बूच मध्येच तुटतं. मग बाटलीच्या गळ्याखाली टॉर्च धरून एकाच धारेत दुसऱ्या भांड्यात ओता. मध्येच बाटली सरळ केलीत की गाळ ढवळलाच! गाळाची रेघ खांद्याशी आली की थांबा, तळचे दोन-तीन चमचे सोडून द्या. इतकी जुनी वाइन ओतून तासन् तास ठेवू नका, सुगंध उडतो.