आवाज चांगला आहे, पण त्यावर पोट भरेल का?

निवेदन किंवा वृत्तनिवेदन करू इच्छिणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा आवाजावर पोट भरते का, हा त्यांचा प्रश्न ठरलेलाच असतो. इंदूरच्या एका मराठी कुटुंबातील मुलीची हकीकत तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे देत आहे, कारण तिच्या प्रकरणात या प्रश्नाच्या मागचा खरा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला.

मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर होती. गणेशोत्सवातील कार्यक्रमांचे सूत्रसंचालन ती शाळेपासून करत आली होती आणि आपण बातम्या वाचायच्या, हे तिने मनाशी पक्के केले होते. मात्र एका स्वर परीक्षेत, म्हणजे निवेदकांसाठीच्या आवाजाच्या चाचणीत, ती नापास झाली आणि “हिंदीला मराठी वळण आहे” असा शेरा तिच्या कानावर आला. तिने बँकेच्या परीक्षांचा अभ्यास सुरू करावा, असे वडिलांचे म्हणणे होते. आई म्हणाली, “सगळे हिच्या आवाजाचे कौतुक करतात हो, पण कौतुकाने घर चालते का?”

शेऱ्याचा निकाल आधी लावणे भाग होते, कारण ती त्यातच अडकून पडली होती. मी तिला मोबाइलवर एक हिंदी बातमीपत्र ध्वनिमुद्रित करायला सांगितले आणि ते आम्ही दोघींनी थांबत थांबत ऐकले. ‘है’ आणि ‘और’ यांतील स्वर ती मराठीप्रमाणे ‘अइ’ आणि ‘अउ’ असे फोडून म्हणत होती, ‘ज्ञान’चा उच्चार ‘ग्यान’ऐवजी ‘द्न्यान’ होत होता आणि घाईत एखाद्या शब्दाचे लिंगही मराठीतले येत होते. हे सगळे सवयीचे दोष आहेत आणि रोज मोठ्याने वाचून, स्वतःचेच ध्वनिमुद्रण ऐकून ते बरेचसे जातात. पुढे रेडिओ सिलोनवरून १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम गाजवणाऱ्या अमीन सयानींनाही आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत उच्चारांवरूनच नाकारले गेले होते, हे मी तिला सांगितले. अर्थात नाकारला गेलेला प्रत्येक जण अमीन सयानी होत नाही, हेही लगेच जोडले, कारण अशा गोष्टींचा दिलासा म्हणून फार गैरवापर होतो.

मग आम्ही मूळ विषयाकडे वळलो. बातम्या कोठे वाचायच्या, याचा तिने विचारच केलेला नव्हता. इंदूरला आकाशवाणी केंद्र १९५५ पासून आहे आणि खासगी एफएमही २००१ पासून आहे, परंतु खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या तयार करून प्रसारित करण्याची परवानगी नाही. तेथील आरजेचे (रेडिओ जॉकीचे) काम गाण्यांमधल्या लिंक म्हणजे दोन गाण्यांना जोडणारे बोलणे, जाहिराती आणि श्रोत्यांशी गप्पा यांचे असते. आकाशवाणीवर नैमित्तिक, म्हणजे कायम नोकरीवर नसलेल्या, निवेदकाला महिन्याला साधारणपणे ६ पेक्षा जास्त ड्यूट्या मिळत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर घर चालेल असे कोणी धरून चालू नये. स्थानिक दूरचित्रवाहिन्यांवर वृत्तनिवेदकाला पुष्कळदा बातमी स्वतः लिहावी लागते आणि वाचायचा मजकूर समोर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर अडला किंवा कानातल्या यंत्रातून ऐन वेळी सूचना आली, तरी चेहऱ्यावर काही न दाखवता बोलत राहावे लागते. आवाज ही या कामाची प्रवेशिका आहे. उरलेले बहुतेक काम श्रोत्याला दिसतही नाही आणि ते आवडते की नाही, हे आधी तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून तिला मी एक काम दिले: इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर दहा मिनिटांचा कार्यक्रम स्वतः लिहायचा, मुलाखती घ्यायच्या आणि मोबाइलवरच संपादन करून आणायचा. तिने आणलेला कार्यक्रम कच्चा होता आणि भांड्यांच्या आवाजात एक पूर्ण मुलाखत बुडाली होती, पण भुट्टे का कीस हा किसलेल्या मक्याचा पदार्थ करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना तिने फार नेमके प्रश्न विचारले होते आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याचा संयमही दाखवला होता. उलट, तिचे बातम्यांचे वाचन चांगल्या सरावानंतरही कोरडेच राहिले. हे मी सांगण्याआधी तिनेच ओळखले आणि त्या बैठकीत ती थोडी रडलीही, कारण इतकी वर्षे मनात धरलेले चित्र बदलणे सोपे नसते.

वडिलांशी माझे बोलणे झाले तेव्हा त्यांचा विरोध निवेदनाला नसून महिन्याच्या अनिश्चित मिळकतीला आहे, हे उघड झाले आणि ती काळजी मला रास्त वाटली. बँकेची परीक्षा दिल्यावर हा नाद आपोआप सुटेल, ही त्यांची अपेक्षा मात्र मला पटली नाही आणि तसे मी त्यांना सांगितले. तडजोड अशी ठरली की तिने दिवसा एका कर सल्लागाराकडे हिशेबाची नोकरी करावी, संध्याकाळी उच्चारांचा आणि लेखनाचा सराव चालू ठेवावा आणि कार्यक्रम निवेदनासाठी पुन्हा स्वर परीक्षा द्यावी. मराठी मंडळांच्या सूत्रसंचालनाचे मानधनही तिने आता मागून घ्यायचे, असे मी सुचवले. वडिलांनी ते मान्य केले. आईला मात्र, ओळखीच्या लोकांकडे पैसे कसे मागायचे, हे अजून अवघड वाटते.