मिडलाइन ऑप्शन : मोकळा सोडलेला टॅकल

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील ऑप्शन आक्रमणाबद्दल (ज्यात चेंडू कोणाकडे जायचा हे चाल सुरू झाल्यावर ठरते) वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी मिडलाइन या एकाच चालीशी संबंधित असलेले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी जॉर्जिया टेकमध्ये शिकत असताना प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्या संघाचे सामने मैदानावर जाऊन पाहिले. ट्रिपल ऑप्शन समजला, पण ‘मिडलाइन’ म्हणजे नेमके काय वेगळे?

दोन्ही चालींचा पाया एकच आहे. बचावफळीतील एका खेळाडूला मुद्दाम कोणीही अडवायचे नाही आणि तो काय करतो हे पाहून क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) चेंडूचा निर्णय घ्यायचा. आक्रमणाच्या फळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल असतात. ट्रिपल ऑप्शनमध्ये फुलबॅक (क्वार्टरबॅकच्या मागून येणारा धावपटू) गार्डच्या रोखाने धावतो, वाचायचा खेळाडू, म्हणजे ज्याच्या हालचालीवरून निर्णय घ्यायचा तो, बहुधा आपल्या टॅकलच्या आसपास उभा असतो आणि त्याच्या पलीकडचा आणखी एक जण पिचसाठी, म्हणजे चेंडू बाजूच्या धावपटूकडे फेकण्यासाठी, मोकळा ठेवलेला असतो. मिडलाइनमध्ये फुलबॅक सेंटरच्या पाठीमागून थेट मधल्या रेषेवर धावतो, नाव त्यावरूनच पडले आहे, आणि मोकळा सोडला जातो तो गार्डसमोरचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधल्या भागातला खेळाडू (पुढे ‘आपला टॅकल’ म्हटलेले नसेल तेथे टॅकल म्हणजे हाच). पिच सहसा नसते. फुलबॅकला चेंडू द्यायचा, नाहीतर तो स्वतःकडे ठेवून टॅकलने रिकाम्या केलेल्या जागेतून सरळ पुढे घुसायचे, एवढेच दोन पर्याय राहतात.

या चालीचे मोल मला वाटते ते असे की प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धिप्पाड माणसाला, ज्याला एरवी दोघांनी मिळून अडवावे लागते, येथे एकानेही अडवायचे नसते. गार्ड त्याला स्पर्शही न करता आतल्या लाइनबॅकरवर (बचावफळीच्या मागे उभ्या असलेल्या बचावपटूवर) जातो, आपला टॅकल एंडला, म्हणजे बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूला, बाहेर ढकलतो आणि स्लॉटबॅक (आपल्या फळीच्या टोकामागे उभा असलेला धावपटू) मधल्या फटीतून पुढे होऊन दुसऱ्या लाइनबॅकरला गाठतो. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या खेळाडूंना सैन्यसेवेचे शारीरिक निकष पाळावे लागत असल्यामुळे त्यांना अवाढव्य लाइनमन (फळीतले खेळाडू) सहसा मिळत नाहीत, आणि ऑप्शन तेथे इतका रुजला त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

प्रश्न : मी शालेय संघाला प्रशिक्षणात मदत करतो. आमचा क्वार्टरबॅक आणि फुलबॅक सतत एकमेकांवर आदळतात आणि चेंडू जमिनीवर पडतो. चूक हातांची आहे का?

बहुतेक वेळा चूक हातांची नसते, पायांची असते. फुलबॅक चेंडूपासून साधारण चार-पाच यार्ड मागे, सेंटरच्या बरोबर रेषेत असतो आणि स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, पूर्ण वेगाने त्याच रेषेवर येतो. क्वार्टरबॅकही स्नॅप घेताना त्याच रेषेवर उभा असतो. म्हणजे वाट एक आणि त्या वाटेवर माणसे दोन. एका क्षणाच्या आत क्वार्टरबॅकने ती वाट सोडली पाहिजे. काही प्रशिक्षक त्याला दोन्ही पाय एकदम उचलून चालीच्या बाजूला छोटी उडी घ्यायला लावतात, काही जण एक पाऊल तिरके मागे टाकायला शिकवतात. कोणतीही पद्धत चालेल, मात्र संघात एकच पद्धत असावी, कारण दुसऱ्या फळीतील क्वार्टरबॅक वेगळे पाऊल टाकू लागला की फुलबॅकचा अंदाज चुकतो.

सरावासाठी सेंटरच्या पायांपासून फुलबॅकच्या पायांपर्यंत चुन्याची सरळ रेघ आखा. लाइनमन नकोत, बचावपटूही नकोत, फक्त तिघे जण असू द्या. स्नॅपनंतर क्वार्टरबॅकच्या बुटाला चुना लागला तर ती खेप धरायची नाही. फुलबॅकने रेघेवरूनच धावायचे. समोर माणूस दिसला म्हणून तो अर्धा फूट जरी बाजूला सरकला, तरी त्याला थांबवून पुन्हा मागे पाठवा, कारण तो सरकू लागला की क्वार्टरबॅकची चूक झाकली जाते आणि सामन्यात नेमकी उघडी पडते. हे सलग जमू लागल्यावर एक प्रशिक्षक टॅकलच्या जागी उभा करा आणि त्याला कधी आत घुसायला, कधी जागीच थांबायला सांगा. क्वार्टरबॅकने चेंडू पाहायचा नाही, प्रशिक्षकाचे खांदे पाहायचे. खांदे आत फुलबॅककडे वळले तर चेंडू ठेवायचा. सरळ राहिले किंवा क्वार्टरबॅककडे आले तर द्यायचा. शंका आली तर देऊन टाकायचा, हा नियम मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत सांगत राहा. वाचायचा माणूस ट्रिपल ऑप्शनपेक्षा फार जवळ असल्याने चेंडू फुलबॅकच्या पोटाशी धरून ठेवण्याचा काळही कमी असतो. जो मुलगा दोनदा विचार करतो, त्याच्याच हातून चेंडू सुटतो.

प्रश्न : ही चाल कोणत्या बचावरचनेविरुद्ध वापरावी?

गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा असलेला टॅकल शोधा. प्रशिक्षकांच्या भाषेत हाच ‘थ्री टेक्निक’. चार जणांच्या बचावफळीत तो सहसा एका बाजूला असतो आणि चाल त्याच बाजूला चालवायची असते. तो बाहेरच्या खांद्यावर असल्यामुळे फुलबॅकच्या वाटेपासून आधीच थोडा दूर असतो, गार्डलाही आत निघून जायला जागा मिळते. तीन जणांच्या फळीत, नोज टॅकल सेंटरच्या अगदी समोर असताना, तो फुलबॅकच्या वाटेतच उभा राहतो आणि त्याला हलवायला सेंटरला गार्डची मदत लागते. अशा वेळी ट्रिपल ऑप्शन अधिक सोपा पडतो असे माझे मत आहे.

प्रश्न : पहिल्या दोन-तीन वेळा चाल साधते, मग बचावाला कळते आणि दोन यार्डही मिळत नाहीत. पुढे काय?

बचाव काय बदलतो हे आधी ओळखा. टॅकल नुसता जागीच रेंगाळत असेल, तर चेंडू फुलबॅकला देत राहा. थांबलेल्या माणसाला पूर्ण वेगातल्या फुलबॅकला आडवे करणे अवघड जाते आणि तीन-चार यार्ड मिळतात. टॅकल मुद्दाम आत घुसून त्याच्या मागचा लाइनबॅकर क्वार्टरबॅकसाठी बाहेर धावत असेल, तर स्लॉटबॅकची नजर त्या लाइनबॅकरवर आहे का ते तपासा, कारण ती अदलाबदल हाणून पाडण्याची जबाबदारी त्याचीच असते. तरीही जमत नसेल, तर आत घुसण्याची सवय लागलेल्या त्या टॅकलला पलीकडच्या गार्डकडून ट्रॅप करा, म्हणजे बाजूने येऊन अडवायला लावा. एकदा बाजूने अनपेक्षित धक्का बसला की तो पुढच्या खेपेला थबकतो.

तीन यार्डांना कमी लेखू नका. २२ सप्टेंबर २०१८ रोजी आर्मीने ओक्लाहोमा विद्यापीठाविरुद्ध ६० मिनिटांच्या खेळात ४४ मिनिटे ४१ सेकंद चेंडू आपल्याकडे ठेवला. सामना आर्मीने जादा वेळेत २१-२८ असा गमावला, पण इतक्या बलाढ्य आक्रमणाला बाकावर बसवून ठेवले ते अशाच लहान लहान धावांनी आणि चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्याच्या शेवटच्या प्रयत्नाला, न कचरता खेळून.

प्रश्न : आमचा संघ शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा राहतो ती रचना) खेळतो. कमरेखालच्या ब्लॉकवर (अडवण्यावर) आलेल्या निर्बंधांमुळे ही चाल आता कालबाह्य झाली आहे का?

नाही. २०२२ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये असा ब्लॉक टॅकल बॉक्सच्या आत (चेंडूच्या आसपासच्या मधल्या पट्ट्यात), तोही लाइनमन आणि स्नॅपच्या वेळी स्थिर असलेले बॅक यांनाच करता येतो. त्याचा मोठा फटका बसला तो बाहेरच्या बाजूला उलगडणाऱ्या पिचच्या चालींना. मिडलाइन आतच उलगडते, त्यामुळे तिचे नुकसान कमी झाले. स्लॉटबॅकला मात्र उभ्यानेच अडवायला शिकवा. आर्मीने २०२३ मध्ये शॉटगनकडे मोर्चा वळवला आणि पुढच्या वर्षी पुन्हा सेंटरखालून (क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे उभा ठेवून) खेळण्यावर भर देत १२ सामने जिंकले.

शॉटगनमधूनही आतला टॅकल वाचता येतो. प्रशिक्षक चिप केली यांच्या ऑरेगन विद्यापीठ संघाने ते उत्तम करून दाखवले. तेथे बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारून येत असल्याने आदळण्याचा प्रश्न उरत नाही, पण फुलबॅकचा सरळ रेषेतला वेग हरवतो आणि टॅकलला सावरायला अर्धा क्षण जास्त मिळतो. म्हणून शॉटगनमध्ये ही चाल चांगल्या धावणाऱ्या क्वार्टरबॅकशिवाय चालवू नका. टॅकल आत वळला की पुढचे पाच यार्ड त्यालाच काढायचे असतात.