वाचकांचे प्रश्न : देवाच्या दारात कायद्यानं चपला काढाव्यात का?

प्रश्न : मी एचआरमध्ये काम करते. आमच्याकडे बाई आहे म्हणून प्रमोशन नाकारलं असं कुणी नुसतं म्हटलं तरी सगळ्यांची धावपळ होते. धर्मसंस्था मात्र सरळ 'या पदावर बाई नको' म्हणतात आणि बऱ्याच देशांत कायदाच त्यांना तशी सूट देतो. हे बरोबर आहे का? की धर्मात सरकारनं नाक खुपसू नये हेच खरं?

उत्तर : सूट असावी, पण वीतभर. आज ती बऱ्याच ठिकाणी हातभर झालीय, माझी तक्रार तेवढीच आहे.

पूजा कोणी करायची, प्रवचन कोणी द्यायचं, दीक्षा कोणाला द्यायची हे सरकारनं ठरवू नये असं मला खरंच वाटतं, कारण आजचं सरकार तुमच्या मनासारखं म्हणजे 'बाईला पुजारी करा' म्हणेल आणि उद्याचं म्हणेल आम्ही सांगू त्यालाच करा, मग तेव्हा कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? पण त्याच संस्थेत अकाउंटंट असतो, ड्रायव्हर असतो, शाळा असली तर गणिताच्या बाई असतात, हॉस्पिटल असलं तर नर्स असते. त्यांच्या पगाराचा नि बाळंतपणाच्या रजेचा देवाशी काय संबंध? संस्था लाइटबिल भरते, आगीचे नियम पाळते, ट्रस्टीनं पैसे खाल्ले तर पोलिसात जाते, तेव्हा धर्म बुडाला असं कुणी म्हणत नाही. बायकांना पुरुषांएवढं द्या म्हटलं की लगेच बुडायला लागतो!

अमेरिकेतलं एक प्रकरण बघा. कॅलिफोर्नियातली फ्रेमाँट ख्रिश्चन स्कूल ही शाळा हेल्थ इन्शुरन्स फक्त 'कुटुंबप्रमुखाला' द्यायची. कुटुंबप्रमुख म्हणजे लग्न झालेला पुरुष, नाहीतर लग्न न झालेलं कुणीही. म्हणजे लग्न झालेली शिक्षिका तेच काम करून विम्याबाहेर, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे घराचा प्रमुख नवरा. १९८६ मध्ये फेडरल अपील कोर्टानं सांगितलं की श्रद्धा तुमची तुमच्यापाशी, विमा सगळ्यांना द्या. १९९० मध्ये व्हर्जिनियातल्या एका चर्चच्या शाळेचंही तेच झालं, ते लग्न झालेल्या पुरुषांना पगारावर जादा भत्ता द्यायचे. या दोन्ही निकालांनंतर चर्च चालूच राहिली हो, कुणाची प्रार्थना थांबली नाही.

खरी गोची पुढे आहे. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धर्मसंस्थांना जी सूट लिहिलीय ती आपल्या धर्माची माणसं घेण्यापुरती आहे, बायकांना डावलण्यासाठी नाही. पण कोर्टांनी त्यापलीकडे एक वेगळी सूट तयार केली, की धर्मगुरू कोणाला नेमायचं नि कोणाला काढायचं यात आम्ही पडणार नाही. ठीक. मग धर्मगुरू म्हणजे कोण? २०१२ च्या होझाना-टेबोर खटल्यात मिशिगनच्या एका लुथेरन शाळेतली शिक्षिका होती, दिवसातली साधारण ४५ मिनिटं धर्माशी संबंधित आणि बाकी सगळा वेळ इतर शाळांसारखेच विषय शिकवायची. सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की ही 'मिनिस्टर', म्हणजे धर्मगुरूच, घड्याळ लावून हे ठरवता येत नाही. तिला संस्थेनं रीतसर तसं पद दिलेलं होतं हे तरी खरं. २०२० मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या दोन कॅथलिक शाळांतल्या शिक्षिकांकडे ते पदसुद्धा नव्हतं, तरी ७ विरुद्ध २ मतांनी त्याच खात्यात टाकल्या. त्यातल्या एकीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, ट्रीटमेंटसाठी रजा लागेल असं तिनं सांगितलं आणि नंतर तिचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. शाळा म्हणाली शिकवणं बरोबर नव्हतं. कोण खरं ते तपासलंच गेलं नाही, कारण या सुटीत केस दारातच संपते. कॅन्सर झालेल्या बाईला कामावर ठेवू नका असं कुठल्या धर्मग्रंथात असेल तर मला जरूर कळवा.

आणि २०२१ मध्ये शिकागोच्या फेडरल अपील कोर्टानं चर्चमधल्या एका संगीत दिग्दर्शकाची छळाची तक्रारसुद्धा याच कारणानं ऐकून घेतली नाही. वीत हातभर कशी होते ती अशी.

त्या मानानं ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा मला बरा वाटतो. तिथंही सूट आहे, पण नोकरी संघटित धर्माच्या कामासाठी असली पाहिजे आणि लिंगाची अट सिद्धांत पाळण्यासाठी तरी हवी किंवा बऱ्याच अनुयायांच्या ठाम श्रद्धेशी संघर्ष टाळण्यासाठी तरी. म्हणजे बोट ठेवून दाखवावं लागतं.

प्रश्न : 'काळ्या माणसाला घेणार नाही' असं धर्माचं नाव घेऊन म्हटलं तर जग उठतं. बाईच्या बाबतीत मात्र 'परंपरा आहे' एवढं पुरतं. असं का?

उत्तर : कारण बाईच्या बाबतीत सगळ्यांनाच ते सवयीचं आहे, दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या बॉब जोन्स या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायला बंदी होती आणि कारण बायबलचंच होतं. सरकारनं तिची टॅक्स सवलत काढून घेतली आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते योग्य ठरवलं. कोर्टानं त्यांची श्रद्धा खोटी म्हटली नाही, फक्त जनतेच्या खर्चानं ती चालणार नाही म्हटलं. युनिव्हर्सिटीनं ती बंदी उठवली २००० मध्ये. बायकांच्या बाबतीतही निदान टॅक्स सवलत नि सरकारी अनुदान घेणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

प्रश्न : ज्या बाईला पटत नाही तिनं ती संस्था सोडावी. जबरदस्ती थोडीच आहे?

उत्तर : आईबाप, नवरा, मैत्रिणी, मुलांची शाळा सगळं त्याच संस्थेभोवती असेल तर 'सोड' म्हणणं सोपं आहे, म्हणणाऱ्याला. शिवाय सगळ्या शहाण्या बायका बाहेर पडल्या तर आत सुधारणा कोण करणार? चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बायका आत राहून भांडल्या म्हणून १९९४ मध्ये पहिल्या महिला प्रीस्ट झाल्या. बिशपपदाचा ठराव मात्र २०१२ मध्ये थोडक्या मतांनी पडला, तेव्हा काही खासदार म्हणायला लागले की मग तुमची कायद्यातली सूटच काढून टाकू. दोन वर्षांत ठराव पास! आतला रेटा आणि बाहेरचा धाक, दोन्ही लागतात.

प्रश्न : आणि आपल्याकडे?

उत्तर : आपल्याकडे भांडण नोकरीपेक्षा प्रवेशावर जास्त झालं. शबरीमलात १० ते ५० वयाच्या बायकांना बंदी होती, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ती ४ विरुद्ध १ मतांनी उठवली आणि विरोधात मत दिलं ते पीठातल्या एकमेव महिला न्यायाधीश इंदू मल्होत्रांनी. पुढच्याच वर्षी त्यातले मोठे प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. मला मल्होत्रांचा निष्कर्ष पटत नाही, कारण दर्शनाला जाणं म्हणजे पुजारीपद मागणं नव्हे. पण धर्मातली कुठली प्रथा 'अत्यावश्यक' हे न्यायाधीशांनी ठरवत बसायचं, १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून चालत आलेली ही पद्धत मलाही खटकते.

नोकरीचं म्हणाल तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणांच्या यादीत 'ट्रस्ट' असा शब्द स्पष्ट आहे, धार्मिक ट्रस्टला सूट कुठंही नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते आणि ती नेमल्याची ऑर्डर सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते. तुम्ही एचआरमधल्या आहात, पुढच्या वेळी दर्शनाला गेलात की ऑफिसच्या भिंतीवर ती कुठं लावलीय तेवढं विचारून या आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला लिहा.