भाडेकरूंना फॉस्टर पालक (संस्थेतलं मूल दत्तक न घेता घरी सांभाळणारे) व्हायचंय, घरमालकाचं पत्र मागतात. द्यावं का?

द्या. त्यात विचार करण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही.

आमचं घर नागपुरात, मानेवाड्यात. वरच्या माळ्यावरची भाडेकरीण एक दिवस खाली आली, "काकू, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक घर बघायला येणार आहेत, चालेल ना?" मी हो म्हटलं. घर आमच्या आणि भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या नावावर, त्यामुळे भासरे भडकले. "आपण भाडं घेतो, अनाथाश्रम नाही चालवत. उद्या पोट्टं पुढे करून घर खाली करणार नाहीत."

साफ चूक. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा सोडावीच लागते. नाही सोडली तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुप्पट भाड्यानं भरपाई आहे. मुलामुळे घरावर हक्क येत नाही.

मुलगा आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. संस्थेत सगळ्यांच्या वस्तू मिसळतात, म्हणून त्याला जिथंतिथं नाव टाकायची सवय. ब्रशवर, ताटाखाली, कूलरच्या पायावर, आणि आमच्या जिन्यात खालच्या पायरीजवळ भिंतीवर पेन्सिलीनं. भासरे म्हणाले, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापा. मी नाही कापले. वर त्यांनी मुलाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला! २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, हे मी त्यांना ग्रुपवरच सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

तुम्ही बघायचं ते एवढंच: अकरा महिन्यांचा नोटरीचा कागद नको, तीन वर्षांचा करार रजिस्टर करा, म्हणजे दर वर्षी "घर राहील का" ही धाकधूक त्या लेकराला नको. गच्चीचा कठडा छातीइतका करून घ्या, टाकीला झाकण लावा. पालक लायक आहेत का हे बालकल्याण समिती ठरवते, घरमालक नाही.

हो, भाडं आधीपासून थकवणारे असतील तर गोष्ट वेगळी. आणि तुमचा फ्लॅट सोसायटीत असेल तर तिथली कटकट मला माहीत नाही, आमचं स्वतंत्र घर आहे.

मागच्या दिवाळीत जिना रंगवला, खालच्या पायरीजवळचा तुकडा सोडून. भासऱ्यांना अजून वाटतं, रंग कमी पडला.